पावण्याची वात

कुरुंदवाडच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा अब्बांनी माझी गादी स्वतः टपावर चढवली. ही एसटी आहे का बैलगाडी, असं कंडक्टर खालून ओरडत होता. अब्बांनी शिडीवरून त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गादी त्यांनीच पिंजून भरलेली, टाकेही त्यांचेच. मी डिप्लोमा संपवून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला निघालो होतो, आणि पुण्याकडची माणसं कशावर झोपतात याबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं.

आम्ही नदाफ. कापूस पिंजणारे, गाद्या-उशा भरणारे. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी मुसलमानी बोलतो, पण अब्बांना काही ठासून सांगायचं असलं की ते मराठीवर येतात. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि मराठीत म्हणाले, "येशील तवा घरचा होऊन ये. पावणा होऊन येऊ नगंस."

आमच्याकडे पावणा म्हणजे नुसता पाहुणा नव्हे. वाट चुकलेला, पत्ता विचारणारा, स्टँडवर शेजारी येऊन बसलेला, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही असा कुणीही पावणंच. हाक प्रेमाची असते, पण तिच्यातच 'तुम्ही इथले नव्हे' हेही आलेलं असतं. त्या वयात मला वाटलं, बाप उगाच काहीतरी बोलतोय. मी हात हलवला आणि पुढच्या वळणापर्यंत टपावरच्या गादीची काळजी करत बसलो.

तुमच्यापैकी जे असे निघाले त्यांना पुढचं सांगायला नको. आधी मी दर महिन्याला गावी जायचो, मग ईदला आणि गावच्या यात्रेला, मग नुसत्या यात्रेला, मग फोन. कारखान्यात मी क्वालिटीमध्ये आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजतो, मापात नसतील ते बाजूला काढतो. लग्न झालं, फ्लॅट झाला, अब्बांची गादी फाटली आणि आम्ही फोमची आणली. अब्बा एकदाच पुण्याला आले होते, तेव्हा त्यांनी ती तळहातानं दाबून पाहिली. "ह्यात काय न्हाय," म्हणाले, आणि खाली सतरंजीवर झोपले.

पुण्यात मला एक प्रश्न फार विचारला गेला. भाड्याचं घर बघताना, शाळेत मुलीचा दाखला काढताना, नवीन साहेब आला की चहाच्या वेळी. "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगायचो, कोल्हापूर जिल्हा, कुरुंदवाडजवळ. मग समोरचा जरा थांबायचा आणि म्हणायचा, "नाही, म्हणजे मूळचे?" काही जण तर माझ्या मराठीचं कौतुक करायचे. आधी राग यायचा, मग हसू यायचं, आता दोन्ही येत नाही. नुसता थकवा येतो. माणसानं किती वेळा तेच गाव सांगायचं?

कृष्णा आणि पंचगंगा आमच्याकडे शेजारी शेजारी येऊन मिळतात, त्यामुळे पाणी आम्हाला नवं नाही. नवं हे की ते आता राहायला येतं. पूर्वी पाणी यायचं, उंबरा बघून जायचं. थोड्या वर्षांच्या अंतरानं दोनदा ते माळ्यापर्यंत चढलं आणि उतरायला तयार होईना. कापूसवाल्याच्या घरात पाणी शिरणं म्हणजे काय ते कापूसवाल्यालाच कळतं. भिजलेला कापूस सहा माणसांना उचलत नाही आणि त्याचा कुजका वास भिंतीत जाऊन बसतो. पहिल्या वेळेला कागदपत्रांची ट्रंक गेली. मधल्या काळात अम्मी गेली. दुसऱ्या वेळेला मागची भिंत गेली. अब्बा आपली उशी तेवढी घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर बरेच दिवस बसून होते, आणि मी त्यांना फोनवर एकच वाक्य ऐकवत होतो, की आता पुरे, आता इकडे या.

पाणी उतरल्यावर मी त्यांना न्यायलाच गेलो. ते फळीवर बसून पिंजायच्या कमानीवरचा गाळ पुसत होते. त्या कमानीला तात, म्हणजे कापूस उडवणारी आतड्याची दोरी, नव्हती, ती वाजून जमाना झाला होता. म्हणाले, "मी इथला हाय. इथनं उठून जायाचं तर आपलं मूळचं गाव शोधून काढ. तिथं आपलं कोण असंल तर येतो मी. उगंच कुठंबी पावणा म्हणून जायाचा न्हाय."

ते मराठीत बोलले होते. म्हणजे विषय संपला होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसानं टाळायला काहीतरी सांगितलं आणि हा लागला शोधायला. पण मला दुसरं काय येतं? कुणी माप सांगितलं की ते लागतं का बघायचं, एवढंच मी आयुष्यभर केलं. शिवाय पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना तिथून हलवायचं होतं. उरलेल्या भिंतींचा भरवसा गवंड्यालाही नव्हता. आणि खरं सांगतो, त्या 'मूळचे?'ला एकदा तोंडावर उत्तर फेकावं असं मलाही वाटत होतं.

मग सुट्टीचा वार दिसला की मी गाडी काढायचो. मिरजेला आमचे एक लांबचे चाचा आहेत. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आपले पूर्वज विजापूरकडून फौजेबरोबर आले, घोड्यावर. मी विचारलं, फौजेत काय करत होते? चाचा म्हणाले, तलवार. मी म्हटलं, मग तलवार सोडून कापूस पिंजायला कसे बसले? त्यांनी चहा मागवला. इचलकरंजीतल्या दुसऱ्या घरानं फौज काढून टाकली आणि एका अवलियाबरोबर पायी आल्याचं सांगितलं. अथणीकडच्या एका गावात नदाफांची पुष्कळ घरं आहेत असं कळलं म्हणून तिकडे गेलो. तिथल्या म्हाताऱ्यांनी कानडी मिसळलेल्या मराठीत माझी पिढ्यांची चौकशी केली, जेवू घातलं आणि सांगितलं की तुम्ही आमच्यातले नव्हे, आम्हीच उलट तुमच्या बाजूनं इकडं आलो. सगळ्यांना सरदार पाहिजे होता नाहीतर संत. खांद्यावर कमान टाकून दारोदार हिंडणारा माणूस कुणालाच पूर्वज म्हणून नको होता.

कोल्हापुरात जुने कागद बघून झाले. जमीन आमच्याकडे कधी नव्हतीच, त्यामुळे कागदांनाही आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आजोबांच्या नावाआधी पाटी कोरी. एवढी वर्षं एका गावात राहिलेली माणसं, आणि कुठं उमटलेलीच नाहीत. त्या दिवशी मी रंकाळ्यावर बराच वेळ नुसता बसून राहिलो. शमाचा, माझ्या बायकोचा, फोन आला तर म्हटलं, काही नाही, कंटाळा आलाय. ती म्हणाली, अब्बांना सांगा एखादं गाव ठोकून. मी तसं करणारही होतो. अथणीचं नाव सांगायचं मनात पक्कं केलं होतं.

यात्रेच्या दिवशी गावात पोचलो. फाट्यावर नवीन टपरी झाली होती. टपरीवाल्यानं चहा देताना आपुलकीनं विचारलं, "कुणाकडं आलासा, पावणं?"

मी अब्बांचं नाव सांगितलं. "नदाफाकडं व्हय? म्हातारं एकटंच असतंय तितं," तो म्हणाला, "पोरगं पुण्याला असतंय म्हणं." मी चहा तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं. बापानं खिडकीशी येऊन एकच गोष्ट मागितली होती आणि तीही मला जमली नव्हती.

इथं आमच्या यात्रेतली एक रीत सांगायला हवी. गावाबाहेर उंचावर एक खडकाळ तुकडा आहे, त्याला पावण्याचा माळ म्हणतात. यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या बैलगाड्या तिथं सुटायच्या म्हणून ते नाव, असं आम्हाला शाळेत गुरुजींनीही सांगितलं होतं. माळाच्या टोकाला एक आडवा धोंडा आहे. यात्रेच्या दिवशी देवीचा निवद झाला की एक ताट या धोंड्यापुढे जातं, पाटलाच्या घरचं. पुरणपोळी, दूध, आणि एक पणती. त्या पणतीची वात मात्र आमच्या घरच्या कापसाची लागते. अब्बा सकाळी मूठभर कापूस हातानं पिंजून पाटलाच्या दारात नेऊन द्यायचे. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं, आणि ताट ठेवून झाल्यावर पोळीतला तुकडाही. आमची समजूत अशी, की हा पाटलांचा कुठला तरी देव आहे आणि कापूस देणं ही आपली गावकी. गावात बाकी सगळ्या देवांना शेंदूर आणि या एकट्याला चुना, हे मी किती वेळा डोळ्यांनी पाहिलं असेल. कधी विचार केला नाही.

त्या सकाळी अब्बांना ताप होता. समोरच्या सोप्यातून रत्नाक्कांची हाक आली. रत्नाक्का म्हणजे पाटलाच्या घरातली थोरली सून, आता स्वतःच पणजी झालेली. गुडघे गेलेत, आवाज तेवढा शाबूत आहे. "नदाफाच्या, आलास न्हवं? मग वात कोण देणार?"

घरात कापूस कुठला? पुरानं सगळा नेलेला, आणि धंदा तर केव्हाच बसलेला. मी गाडी काढली, कुरुंदवाडला मेडिकलमधून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी घेतली आणि नेऊन आक्कांच्या पुढ्यात ठेवली. एक काम झटपट उरकल्याचं समाधान मला होतं.

आक्कांनी तो कागद सोडला, कापूस बोटांनी चाचपला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. "हे काय आणलंस? दवाखान्यातला कापूस? लाज वाटत न्हाय? आपल्या म्हाताऱ्याला कुणी दवाखान्याच्या कापसाची वात लावतंय व्हय?"

मी म्हटलं, "चुकलं आक्का. पण तुमच्या देवाला चालत नसेल तर..."

"आमचा देव?" आक्का म्हणाल्या. "आमचा कशाचा? तुमचा म्हातारा हाय त्यो. तुमच्यातला पयला. पावणा."

मला आधी कळलंच नाही. मी पायरीवर बसलो. आक्कांना वाटलं मी थट्टा करतोय, मग माझं तोंड बघून त्यांचाच आवाज उतरला. त्यांना सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. खांद्यावर मोठी कमान घेतलेला एक माणूस नावेतून उतरून गावात आला. पोरं घाबरली, त्यांना वाटलं बाण मारणार. त्यानं पाटलाच्या सोप्यात बसून कमान वाजवली आणि सगळ्या घरातला गुठळ्या झालेला कापूस फुलवून दिला. त्याची बोली कुणाला कळेना, गावची त्याला येईना. पाऊस लागला, नदीला पाणी आलं, नाव बंद झाली, म्हणून तो राहिला. पाणी उतरल्यावर त्याला कुणी जा म्हटलं नाही आणि तोही निघाला नाही.

"कुठून आला होता?" मी विचारलं.

"ते कोण इचारतंय? पल्याडनं."

"आणि नाव?"

"नाव आसंल की त्येचं. पर पावणं म्हटलं की ओ द्यायचा. मरंपतूर पावणंच म्हणली माणसं. मेल्यावर मग माळावर ठिवलं, त्यानंच मागितलेली जागा. पाणी येत न्हाय तितं. सासूबाईंनी मला बजावलंवतं, ह्येची बायकापोरं मागनं आली, पर आदी आला तवा ह्येला जेवायला आपण घातलंय, ताट चुकवायचं न्हाय. तुमास्नी ठावं न्हाय व्हय रं ह्ये? आमी तुमचाच म्हातारा म्हणून ठेवतोय."

"आणि आम्ही तुमचा देव म्हणून वात देतोय," मी म्हणालो.

आक्का हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. इतक्या पिढ्या दोन्ही घरं एकमेकांचं म्हणून सांभाळत होती. ज्याचं त्याला सांगावं असं कुणाला वाटलं नाही, कारण ज्याचं त्याला ते माहीत असणारच. मी विजापूरपर्यंत धावलो, आणि आमचा माणूस माळावर, मी ज्याच्यापुढची पोळी खाल्ली त्या चुना लावलेल्या धोंड्याखाली, आपल्या कबरीत पडून होता. त्याच्या नावानं माळ ओळखला जात होता, फक्त ते नाव आहे हे आम्हाला कळलं नव्हतं. आक्कांनीही मिरजेच्या चाचांसारखंच ऐकलेलं सांगितलं असेल, कुणी म्हणेल. म्हणोत. त्यांनी सांगितलेला माणूस कापूस पिंजणारा होता, घोड्यावर नव्हता. मला तेवढं पुरलं.

"जा, अब्बाच्या उशीतला काढ कापूस," आक्का म्हणाल्या. "त्येच्या हातचा हाय."

घरी येऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. अथणीचं नाव तोंडात आलंच नाही. ते भिंतीला टेकून बसले आणि उशी मांडीवर घेऊन टाके स्वतः उसवायला लागले. मी हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. मूठभर कापूस काढून ते तो विंचरत राहिले, जुनाट, पिवळसर, तरी फुलणारा.

"नाव न्हवतं म्हंती?" शेवटी म्हणाले. मराठीत.

"असेल. कुणी लक्षात ठेवलं नाही."

"आनि गाव?"

"ते पण नाही सापडलं, अब्बा. मूळचं गाव मला नाही सापडलं. हेच सापडलं."

त्यांनी वात वळली, तळहातावर ठेवून बघितली. "त्याला इथं कोण व्हतं? बोलायला भाषा न्हवती. तरी बसला की ऱ्हाऊन." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला तर तितं पोरगा हाय."

मी बाहेर परसात गेलो. पडलेल्या भिंतीच्या विटांवर उभा राहून रडलो. आनंद झाला होता म्हणावं तर तसंही नव्हतं. एक माणूस आपलं गाव सोडायला तयार झाला होता, आणि ते मी करून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी अब्बांना गाडीतून माळावर नेलं. आक्कांना त्यांच्या नातवानं मोटरसायकलवर मागं बसवून आणलं, त्यांनी वाटभर त्याला शिव्या दिल्या. ताट त्यांनी ठेवलं, पणती अब्बांनी लावली. अब्बांनी आधी कधी तिथं हात उचलले नव्हते. त्या दिवशी उचलले आणि ओठातल्या ओठात फातिहा म्हटली. आक्का हात जोडून शेजारी उभ्या. खाली नदी दिसत होती, उन्हाळ्यातली, अगदी गरीब.

निघायच्या दिवशी अब्बांनी भांडी वाटून टाकली, कमान आक्कांच्या सोप्यात टांगायला दिली आणि बरोबर फक्त ती उशी घेतली, पुन्हा टाके घातलेली. आक्का म्हणाल्या, "कापूस कोण धाडणार आता?" अब्बा म्हणाले, "ह्यो आणंल की. यात्रेला येणार न्हाय तर जाणार कुठं?" हा म्हणजे मी.

घर म्हणजे काय, हे मला पुण्यात इतकी वर्षं राहूनही नीट सांगता येत नव्हतं. जिथून आलो ते, असं मला वाटायचं, म्हणून मी ते मागं मागं शोधत गेलो. आता वाटतं, आमच्या घराण्याला मागं काही नाहीच. एक होडी, एक पूर, आणि जा न म्हणणारी माणसं. तुम्ही गावात राहिलेल्यांनी ती ताटं ठेवलीत म्हणून आम्हाला एवढं तरी सापडलं. पुण्यात असं ताट कुणी कुणाला ठेवेल का, मला माहीत नाही. त्याची वाट बघायला बळ फार लागतं, आणि मी दमलोय.

सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबली. वॉचमन नवा होता, हातात मोबाईल घेऊन खिडकीशी आला. मागच्या सीटवर मांडीवर उशी घेऊन बसलेल्या अब्बांकडे बघून त्यानं मला विचारलं, "साहेब, गेस्ट टाकू?"

"नाही," मी म्हटलं, "रेसिडेंट टाका. वडील आहेत माझे, कायमचे राहायला आलेत."

अब्बांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गेस्ट म्हंजी काय रं?"

"पावणा," मी म्हणालो.

अब्बा खिडकीतून वाकून त्याला म्हणाले, "मग त्येच लिव की. घरातलंच नाव हाय."